मेक्सिकोतली रिकामी बशी

माझी मुलगी नोकरीसाठी मेक्सिकोत असते. दिवाळीच्या सुमारास तिनं व्हिडिओ कॉलवर घरमालकिणीच्या बैठकीतली, तिकडच्या पितरांच्या सणाची मांडणी दाखवली. टेबलावर गेलेल्या माणसांचे फोटो, मेणबत्त्या, पाव, पाण्याचा ग्लास आणि सगळीकडे झेंडू. आम्ही आमच्या बोरी गावात दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा तिकडचा, हे मला निवृत्त मास्तर असून माहीत नव्हतं.

मला प्रश्न विचारायची खोडच आहे. पाणी कशाला? लांबून येतात, तहान लागते. फुलं? वाट सापडावी म्हणून. मग कावळा कुठं शिवतो? मुलगी हसली. तिथं कावळा लागत नाही म्हणे. गेलेली माणसं नुसता वास घेतात, बाकीचं घरचे खातात. मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे कावळ्याची मनधरणी करण्यात खीर गार होऊन जाते.

त्या फोटोंत माझी बायकोही होती. मालकिणीनं हौसेनं मांडलेली. तिच्यासमोरची बशी मात्र रिकामी होती.

"बाबा, त्या विचारतायत, आईला काय आवडायचं? उद्या ठेवायचंय. मला पुरणपोळीच आठवते, पण ती तर मला आवडते."

"तिला सगळंच आवडायचं," मी म्हणालो.

मुलीनं ते मालकिणीला तिच्या भाषेत सांगितलं. मालकिणीनं मान हलवली. "त्या म्हणतात, असं कुणी नसतं."

मला रागच आला. चौतीस वर्षं संसार मी केला आणि ही बाई मला शिकवणार! अविधवा नवमीला मी सवाष्ण जेवू घातली होती, खीर, वडे, कढी, सगळं साग्रसंगीत. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ते ताट सगळ्याच पितरांना सारखं असतं. तिचं असं त्यात काहीच नव्हतं. मला लाज वाटली.

मग वालूरला मेहुणीला फोन लावला.

"चिंच, दाजी," ती लगेच म्हणाली. "मीठ-मिरची लावून कुटलेला गोळा. तुमच्या गुडघ्यात वात, म्हणून तुमी घरात चिंच बंद केलती. मंग हितं आली की पोटभर खायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुमी इचारलं का कदी?"

आणि मला आठवलं. वालूरहून आली की त्या रात्री ती भाकरी दुधात कुस्करून खायची. दात दुखतात, एवढंच म्हणायची. मी काळजीनं तिला दोनदा परभणीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांना काहीच सापडलं नाही. दोन्ही वेळा ती मुकाट्यानं आ करून बसली होती.

मुलीला चिंच कळवली. ती मिळेल का, ही माझी चिंता फुकट गेली. तिकडं कोपऱ्यावरच्या दुकानात तिखट लावलेल्या चिंचेच्या गोळ्याच मिळतात. दुसऱ्या दिवशी भरलेल्या बशीचा फोटो आला.

त्याच दुपारी मी शेजारून चिंच मागून आणली. मीठ, मिरची घालून स्वतः कुटली आणि भिंतीवरच्या तिच्या फोटोखाली स्टुलावर ठेवली. तासभर वास घेऊ दिला. मग तिकडच्या रीतीप्रमाणे सगळा गोळा मीच खाल्ला. दात असे आंबले की संध्याकाळी भाकरी चावेना. ती दुधात कुस्करून खाल्ली.