एकट्याची जबानी

“मानसाला कावून भ्यायचं, मास्तर? वर बघनारा एकच हाय,” असं म्हणत मामा मांडीवर घायपाताचा वाख वळत बसायचे. दोर लांबत जायचा आणि बोलणंही.

युसूफ वडगावाजवळच्या एका खेड्यात मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. निजामाचं राज्य होतं. दोर वळणाऱ्यांची दहा-बारा घरं ख्रिस्ती झालेली. रविवारी प्रार्थना शाळेच्या खोलीतच व्हायची. त्यांतल्याच एका घरचे मामा; सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणायची. त्यांना मी दोन वर्षं अक्षरं शिकवली. ‘च’च्या पुढं ते कधी गेले नाहीत. पण मी वाचलेला अध्याय आठवड्यानं जसाच्या तसा म्हणत, आणि वाचताना माझी चूक झाली असेल तर तीही सांगत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. देशमुखांच्या वाड्यावरून जाताना आमच्या वस्तीनं वहाणा हातात घ्यायची रीत होती. कारभाऱ्यानं हटकलं तेव्हा मामा म्हणाले, “मालक, काटे लई हायेत.” पाठीवर वळ उठले. दुसऱ्या दिवशी मामा वहाणा घालूनच गेले.

त्या उन्हाळ्यात वस्तीतला एक तरणा गडी तापानं फणफणला म्हणून वेठीला गेला नाही. देशमुखांच्या माणसांनी त्याला ओढत नेऊन मारलं. दिवस मावळायच्या आत तो गेला. वाड्यावरून सांगितलं, विहिरीत पडला. मारताना आम्ही चौघांनी पाहिलं होतं: मामा, मी आणि वस्तीतले दोघे भाऊ. कचेरीत खरं सांगायचं, म्हणून चौघांनी पवित्र शास्त्रावर हात ठेवले. हात ठेवायला मीच सांगितलं होतं.

पेशीच्या आदल्या दिवशी कारभारी शाळेत आला. फळ्याकडं पाहत म्हणाला, “मास्तर, बाई पोटुशी हाय म्हनं. जपा.” एवढंच.

तहसीलदारापुढं माझं नाव पहिलं पुकारलं. मी म्हणालो, “हुजूर, मी शाळेत होतो. काही पाहिलं नाही.” भावांनीही तेच केलं. मामा माझ्याकडं पाहत राहिले. मग पुढं झाले आणि कोणी धरलं, कोणी मारलं, सगळं सांगितलं.

“तुझ्याबरोबर कोण होतं?” तहसीलदारानं विचारलं.

“व्हते. आता न्हाईत.”

खोटी जबानी दिली म्हणून मामांनाच बीडच्या तुरुंगात टाकलं. चार महिने.

सुटून आले तेव्हा त्यांचं खोपट पाडलेलं होतं. गावात त्यांचा दोर कोणी घेईना. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. मला मुलगी झाल्याचं सांगितलं, जणू तेवढ्यानं भागणार होतं.

“पोर सुखरूप हाय न्हवं? बरं झालं,” मामा म्हणाले. “मी मानसांला भ्यालो न्हाई, मास्तर. पर तुमच्यावर इस्वास टाकला. तितं चुकलो.”

“मामा, मला माफ करा.”

“करीन. कराया लागंल, त्याचा हुकूम हाय. पर आज व्हत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिरूर कासारला बहिणीकडं निघाले. मेलेल्या गड्याची म्हातारी आई एकटीच उरली होती. तिलाही बरोबर घेतलं. तिच्या डोक्यावर कोंबड्यांची पाटी, मामांच्या खांद्यावर तिचं अंथरूण. मी शाळेच्या दारात उभा होतो. वळणावर म्हातारी थांबली आणि तिनं मागं पाहिलं. मामांनी पाहिलं नाही.