पाकिटावरचं नाव

निरवांगीचा म्हस्कू एके काळी मेंढरांमागं रानं तुडवायचा. चौऱ्याण्णव सालापासून तो पुण्यातल्या एका संग्रहालयासाठी पुन्हा रानं हिंडू लागला. झाडांच्या खोडांवरची दगडफुलं खरवडून आणायची, कीड लागू नये म्हणून त्यांना विषारी औषध लावायचं आणि कागदी पाकिटात घालायची, एवढंच काम. पण त्या औषधाची त्याला भारी धास्ती. तीनदा हात धुतल्याशिवाय तो भाकरीला शिवत नसे. घरात मात्र विषाचं नाव त्यानं कधी काढलं नाही. बायको सारजा काम सोडायला लावेल, याचंही भय होतंच.

त्या दुपारी तो घरी आला, तर पाकिटं ठेवायची पत्र्याची पेटी उघडी. वरचं पाकीट रिकामं. चुलीकडून काळ्या मसाल्याच्या आमटीचा घमघमाट येत होता. त्यानं पाकिटाकडं बोट दाखवलं.

"ह्यातलं कुठं गेलं?"

"मसाल्यात घातलं की," सारजा म्हणाली. तिचं जेवणही उरकलं होतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे? तुमीच लिव्हलंय न्हवं त्यावर."

संग्रहालयातल्या साहेबांनी शिकवलेली दगडफुलांची लांबलचक नावं त्याला कधी जमलीच नव्हती. म्हणून तो प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरांत एकच शब्द लिहायचा.

सारजानं पदराला हात पुसले, पाकीट उचललं आणि बोट फिरवत वाचून दाखवलं, "द-ग-ड-फू-ल." साक्षरतेच्या वर्गाला जायला लागल्यापासून तिनं घरात वाचलेला तो पहिलाच शब्द होता. ती हसली, आणि मग पोट धरून हळूच खाली बसली.