बाहेरून घातलेली कडी

आमच्या गावात दाराला कुलूप नसायचं. कडी असायची, आणि त्या कडीला अर्थ होता. बाहेरून कडी घातलेली दिसली की घरात कुणी नाही, मागं फिरा. दार नुसतं लोटलेलं असलं की आत माणूस आहे, हाक मारा आणि या. घरातली सगळी रोपलावणीला गेली आणि एखादा म्हातारा एकटाच अंथरुणावर पडून असला, तरी दार लोटूनच ठेवायचं. आत माणूस असताना बाहेरून कडी घालायची म्हणजे तो नाहीच, असं साऱ्या गावाला सांगायचं. हे कुणी शिकवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

गाव शाहूवाडीच्या डोंगरात, मलकापूरच्या पुढं, बरंच आत. होतं, असं म्हणायला हवं. धरणात गेलं ते. आम्हाला उठवलं त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील वारले. हट्टी माणूस. मोजणीवाले आले की ओट्यावर पाय सोडून बसायचे आणि म्हणायचे, "मी हितनं हलणार न्हाय. काय बुडवायचं ते बुडवा." खरंच हलले नाहीत. माजघरात भाताच्या कणगीला पाठ टेकून बसल्या बसल्या गेले.

मी एकुलती एक लेक. लग्न केलं नाही, त्याची चौकशी करून लोक दमले, मी दमले नाही. कोल्हापुरात साड्यांच्या दुकानात कामाला होते, मंगळवार पेठेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. सरकारनं दिलेली जमीन लांब कुठंतरी माळावर होती. तिथं आई एकटी काय करणार? म्हणून तिला माझ्याकडं आणायचं ठरलं.

गाव सोडताना लोकांनी घरं सोलून नेली. वासे, कौलं, दारं, खिडक्या, सगळं. आमच्या दाराची चौकट जांभ्या दगडात घट्ट बसलेली, निघेना. सुतार म्हणाला, उद्या येतो, आणि त्याचं उद्या काही उजाडलं नाही. शेवटी दार तसंच ठेवून ट्रक भरला. आईनं अंगण झाडलं. पाण्याखाली जायचं अंगण कशाला झाडतेस, असं मी खेकसलेसुद्धा. तिनं देव ओटीत घेतले, दार ओढलं आणि जन्माच्या सवयीनं हात वर करून कडी घातली.

ट्रक वळणावर आला तसा तिनं माझा दंड घट्ट धरला. "अगं, माझ्या हातनं कडी घातली गेली. आत हायत की ते."

ड्रायव्हर मागं फिरवायला तयार नव्हता, वाट चिखलाची होती. मीही म्हटलं, आई, खुळ्यासारखं करू नको. तिनं माझा दंड सोडला, पण तिच्या डोळ्यांत जे आलं ते पुढं कितीतरी दिवस गेलं नाही.

मंगळवार पेठेत घरांची दारं थेट गल्लीत उघडतात. एक पायरी, की रस्ता. शेजारी तालीम, समोर पिठाची गिरणी, दिवसभर गलका. माणसं बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात आणि भांडली की चहाला बोलावतात. आईला हे सगळं जमून गेलं. नाचणीच्या भाकरीवरून ती ज्वारीवर आली, चुलीवरून गॅसवर आली, नळाच्या रांगेत दोन बायकांना दटावून पुढंही घुसू लागली. एक गोष्ट मात्र जमली नाही. ती दाराला कडी घालू देईना. आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही.

"वाट शोधत आलं माणूस आन् हितंबी कडी दिसली तर?" ती म्हणायची. कुत्री आत शिरायची. एकदा माझ्या नव्या चपला गेल्या. घरमालक जैन व्यापारी, मवाळ माणूस, दिवस मावळायच्या आत जेवून पायरीशी शतपावली घालायचा. तोही एक दिवस म्हणाला, "मावशी, दार लावा की वो. चोराला आवतण देताय काय?"

"चोर कशाला येतोय? आमचं माणूस यायचं हाय," आई म्हणाली. तो बिचारा माझ्याकडं बघत राहिला. मी मान खाली घातली.

खोटं कशाला बोलू, मला तिचा राग यायचा. सगळा दिवस गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडून घरी यावं, तर ही दिवेलागणीला उंबऱ्याशी बसलेली, दाराकडं तोंड करून. वडिलांचं ताट ती वाढायची नाही, रडायची नाही, नुसती कान देऊन बसायची. आणि झोप तिला नव्हतीच. अंगावरचं मांस उतरत चाललं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिनं डब्यात साठवल्या. ही बाई अशीच दाराकडं बघत संपणार, ही भीती माझ्या मनात बसली होती.

आणि एका संध्याकाळी मीही ऐकलं. आमचे वडील घरात शिरताना पायरीवर थांबून घसा खाकरायचे. दोनदा, दुसऱ्यांदा जरा लांब. बाहेरचं कुणी आत असलं तर सावरून बसावं म्हणून. मी कणीक मळत होते आणि पायरीवर तसंच कुणीतरी खाकरलं. माझे हात थांबले. आई माझ्याकडं बघत होती, मी आईकडं. मी उठून बाहेर पाहिलं. गल्लीत दिवे लागले होते, गिरणी चालू होती, पायरीवर कुणी नव्हतं. तालमीतला कुणी पोरगा जाता जाता खाकरला असेल, असं मी मोठ्यानं म्हटलं. आई म्हणाली, "आवाज येतोय. माणूस येत न्हाय. कसं येणार?" त्या दिवसापासून ते दार उघडं ठेवायला मलाही भीती वाटायची आणि लावायलाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावाकडच्या एका माणसाचा फोन आला. धरणाचं पाणी पार तळाला गेलंय, गाव उघडं पडलंय, म्हणाला. आईला सांगायचं नाही असं मी ठरवलं आणि संध्याकाळी सांगून टाकलं.

एसटीनं मलकापूर, तिथून माणशी पैसे घेणारी वडापची जीप, पुढं पायी. वाळून भेगाळलेल्या गाळातून आम्ही चालत होतो. ओळखीचं काही नव्हतं. झाडांची काळी खोडं, दगडांचे ढीग, सगळ्यावर एकसारखा राखाडी थर. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. आई मात्र न चुकता वळत गेली, अजून मध्ये गल्ल्या असल्यासारखी. आणि एकदम थांबली.

घर नव्हतं. मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या. जांभ्याचा चौथरा, आणि त्याच्या पुढच्या बाजूला उरलेल्या गुडघाभर दगडांत ती चौकट उभी. चौकटीत दार. दाराला कडी. आजूबाजूला काहीच नाही, पलीकडं लांबवर पाणी दिसत होतं, आणि दार मात्र बंद. हे दार आमची वाट बघत होतं, असंच मला वाटलं.

आई कडीशी झटू लागली. गंजून गच्च बसली होती. मी म्हटलं, "आई, भिंतच न्हाय. ते बाजूनं येतील की."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी लहान झाले. "आडवाटंनं आल्यात कवा ते? दारातनंच येणार."

मग मी एक दगड उचलला आणि कडीवर घालत राहिले. रडतही होते, ते मला मागाहून कळलं. कडी निघाली. आईनं दार ढकललं, पदर डोक्यावर घेतला आणि बाजूला सरून उभी राहिली, वडील शेतावर निघताना राहायची तशीच. "चला," ती हळू आवाजात म्हणाली. "चूक झाली. लेकीनं खोल्या घेतल्यात कोल्लापुरात. चला आता."

परतीच्या जीपमध्ये तिनं शेजारची जागा अडवून धरली. माणसं कोंबता कोंबता ड्रायव्हर ओरडला, "मावशी, सरका की जरा!"

"माणूस हाय हितं," आई म्हणाली. मी मुकाट्यानं तिघांचे पैसे दिले.

त्या संध्याकाळी आईनं स्वतःच्या हातानं आतून कडी घातली आणि जेवून आडवी झाली. घोरायला लागली. एवढ्या महिन्यांनी ते घोरणं ऐकून मला हसू आलं, आणि मग खोलीत आम्ही दोघीच नाही या जाणिवेनं मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

पुढची काही वर्षं ती सुखानं जगली. शेवटचे दिवस दवाखान्यात गेले. शुद्धीत होती तोवर विचारायची, "दार लोटून आलीस न्हवं? कडी न्हाय न्हवं घातलीस?" मी कुलूप लावून आले होते. व्हय, लोटूनच आले, असं सांगायचे.

यंदा घरमालकाच्या मुलांनी ती जुनी इमारत पाडायला काढली. मी उपनगरात फ्लॅट घेतला आहे, चौथ्या मजल्यावर. त्याचं दार नुसतं ओढलं की आपोआप बंद होतं, आतूनही आणि बाहेरूनही. दाखवणारा मुलगा ते कौतुकानं सांगत होता. मी त्याला म्हटलं, हे आधी बदलून दे.

सामान टेम्पोत भरून झाल्यावर मी रिकाम्या खोल्या झाडून काढल्या. बाहेर आले, दार ओढलं आणि हात आपोआप कडीकडं गेला. तिथंच थांबला. मी दार पुन्हा सताड उघडलं, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली आणि पायरीवरून बाजूला झाले.

टेम्पोवाला खोळंबला होता. मी पुढं त्याच्या शेजारी चढून बसले तसा हात खिडकीबाहेर काढून तो म्हणाला, "ताई, निघू काय? का आणिक कोण यायचं हाय?"

"दोघं हायत," मी म्हटलं आणि जागा करून सरकून बसले.