सांदणांवर आलेला आळ

ती टाकी माझ्या हातून नासली होती. इक्बालच्या डब्यातल्या सांदणांमुळे नाही. हे वाक्य मी खालापूरच्या आमच्या कारखान्यात, सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. ते मी इथे, तो गेल्यावर लिहितो आहे.

तो वारल्याचं मला कॅन्टीनमध्ये कळलं. मी एकटाच जेवत होतो. तशी आता सवय झाली आहे...

आम्ही दोघं बरोबरच केमिस्ट म्हणून लागलो. आमच्याकडे टाक्यांमध्ये बुरशी वाढवतात. ऐकून किळस वाटेल, पण तिचं तेल तान्ह्या बाळांच्या दूधपावडरीत जातं; आईच्या दुधातलं एक मेदाम्ल त्यात असतं. टाकीतलं नत्र संपलं की बुरशी वाढायची थांबते आणि उरलेल्या साखरेचं तेल करून अंगात साठवते. तेवढे दिवस दुसरं काही आत शिरू द्यायचं नाही. "दत्ता, बाळंतीण हाय आत, दार हळू लाव रं," इक्बाल म्हणायचा. दुपारी त्याच्या डब्यातली अर्धी सांदणं माझी. तांदळाचं पीठ खमीर घालून फुगवायचं आणि वाफवायचं, त्याच्या बायकोचा, राबियाभाभींचा, हात त्यात बसलेला. "तुज्या भाकरीला दात लागतात, हे खा."

नमुना काढताना तोटीवरचे जंतू मारायला आधी वाफ सोडायची असते; एकदा मी ती सोडली नाही. घाई होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट दिसलं. सगळा माल ओतून द्यावा लागला.

"खमिराचं पीठ कोणाच्या घरी असतं?" साहेबांनी विचारलं. सगळे इक्बालकडे बघू लागले.

"वाफवलेल्यात काय जितं राहतंय, साहेब?" तो हसला.

"हातावरून येतं, कपड्यांवरून येतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो.

त्याला पॅकिंगला टाकलं. डबाही तो तिकडेच खाऊ लागला. मी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर सांगावं लागलं असतं. ईदला शिरखुर्मा मात्र दरवर्षी पाठवायचा. सांदणं पुन्हा कधी आली नाहीत. रागावला असेल, असं धरून मी त्यातही सोय शोधली.

परवा कशेळ्याला त्याच्या घरी गेलो. राबियाभाभींनी चहा पुढे केला.

"तुमाला सांदणं आवडायची. पन मी करायची सोडली. माज्या पिठानं बारक्या पोरांच्या दुधातलं तेल नासलं, यांचं टाकीवरचं काम गेलं... हे म्हणायचे, तुजं काय नाय त्यात. मला वाटायचं, समजूत घालतायत."

तो खरं बोलत होता, आणि त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. चहा तसाच खाली ठेवला.

"भाभी, तुमच्या पिठानं काही नासलं नाही. चूक माझी होती. इक्बालवर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो, तोच आळ तुमच्यावरही आला हे मला आज कळलं. इक्बालची माफी मागायची राहून गेली. तुमची मागतो."