निकाल लागलाय, नामदेवराव!

इंदुताई हिवाळे नुसतं तोंड बघून सांगतात कोण नरकात जाणार, अशी आमच्या सिकंदराबादच्या मराठी चर्चमध्ये अफवा आहे. पोरं त्यांना बघून रस्ता बदलतात. साफ खोटं! त्या सेमिनरीत ग्रीक शिकवायच्या, आता रिटायर आहेत, आणि तोंड बघून एवढंच सांगतात, "राणी, सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना गं?"

घाबरलेले होते ते नामदेवराव, रेल्वेतून रिटायर झालेले. चर्चच्या ढोलकीवाल्या दत्तोबाशी भांडण असताना त्यांनी तसंच प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, घेतलं, आणि त्याच आठवड्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला. अयोग्य रीतीनं खाणारा दंड ओढवून घेतो, असं बायबलातल्या पौलाच्या पत्रात आहेच. झालं! तेव्हापासून प्रभुभोजनाच्या रविवारी ते दाराबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायचे.

"नक्को बाई, मला शिक्षा झालीय वरून," असं मी त्यांच्या घोगऱ्या आवाजात करून दाखवलं की सगळे हसायचे. इंदुताई हसल्या नाहीत. उठल्या आणि थेट चपलांपाशी जाऊन बसल्या. मीही मागोमाग.

"नामदेवराव, दंडासाठी मूळ ग्रीक शब्द आहे क्रिमा. म्हणजे न्यायाधीशाचा निकाल."

"तेच की! लागला ना माझा!"

"निकाल म्हणजे फाशीच का हो? कायमचं दोषी ठरवायला पौलानं पुढं वेगळा शब्द वापरलाय, कताक्रिनो. देव आज कान पिळतो तो उद्या ती पाळी येऊ नये म्हणून. बाप कान पिळतो तो काय पोराला घराबाहेर काढायला?"

नामदेवराव एक सरळच असलेली चप्पल परत सरळ करायला लागले.

"दत्तोबाशी बोललात नंतर?"

"हौ तर! दवाखान्यात डबा तोच आणायचा."

"मग निकाल कधीच लागलाय, सुटलात तुम्ही. तुम्हीच कोर्टाच्या पायरीवर बसून आहात!"

परतताना मी म्हटलं, "नाही यायचे ते आत."

"लाव पैज. हरेल तिनं चपला सांभाळायच्या."

पुढच्या प्रभुभोजनाला नामदेवराव दाराबाहेरच. मी खुशीत! तेवढ्यात ते उठले. बसले. परत उठले, आत गेले आणि डावा हात पुढं केला. दत्तोबाची ढोलकी चक्क चुकली. भाकर खाऊन त्यांनी असा सुस्कारा सोडला, की मागच्या बाकापर्यंत ऐकू आला. तेवढा एक मला अजून नकलेत जमत नाही.

इंदुताईंनी माझ्याकडे बघून नुसतं दाराकडे बोट केलं. मी जाऊन बसले. बाहेर आल्याआल्या नामदेवराव ओरडले, "ए पोरी, जोड्या लाव नीट! दत्तोबाची दुसरी चप्पल कुठाय?"