संग्रहालयातलं जातं

भोसरीत इतिहास सापडला तो जमिनी कारखान्यांना गेल्यावर. तोवर गावात नुसती माणसं राहत होती. शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या, शिफ्टचे भोंगे वाजू लागले, आणि मग काही सुशिक्षित मंडळींच्या लक्षात आलं की अरेच्चा, इथे तर केवढा वारसा होता! लगेच समिती झाली. चावडीशेजारची रिकामी खोली मिळाली आणि दारावर ‘ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय’ अशी पाटी लागली. मी शाळेत इतिहास शिकवायचे आणि माझं अक्षर बरं होतं, म्हणून मला चिटणीस केलं. चिटणीस म्हणजे किल्ली सांभाळायची, खोली झाडायची आणि पाट्या लिहायच्या.

अध्यक्ष म्हणजे एका कंपनीतून निवृत्त झालेले साहेब. इतिहासावर त्यांचं इतकं प्रेम होतं की वस्तूकडे नीट बघायचीही त्यांना गरज पडत नसे. चाकणहून आलेलं प्रत्येक गंजकं लोखंड तिथल्या किल्ल्याच्या लढाईतलं, मग तो कांद्याची पात कापायचा विळा का असेना. आमच्याकडचा एक तोफगोळा मला शेजारच्या वर्कशॉपातून फेकून दिलेला वाटायचा, कारण त्याला ताजं वंगण होतं. पण मी पडले इतिहासाची बाई, वंगणातलं मला काय कळणार? मी ‘तोफगोळा’ असं लिहिलं आणि वंगण पुसून टाकलं.

संग्रहालयाचं मुख्य कार्य म्हणजे दरमहा सभा, आणि सभेचं मुख्य कार्य म्हणजे चहा. बघायला कोण यायचं? माझेच विद्यार्थी, तेही मी ओळीत उभे करून आणायचे म्हणून.

मी जिथे वरच्या खोलीत भाड्याने राहायचे ते घर गावातल्या जुन्या शेतकरी कुटुंबाचं. जमीन गेली, त्या बदल्यात घरमालक कंपनीत लागले, आणि पहिली हौस म्हणून त्यांनी घरभर मोझॅकच्या फरश्या बसवल्या. त्या फरशीवर जातं नको, असा त्यांचा हुकूम. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. मावशींचं जातं त्यांच्या आईनं पाठवणीला दिलेलं. दळण आता गिरणीत जात होतं हे खरं, पण जातं बाहेर काढायचं म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. मीच मध्ये पडले.

“मावशी, संग्रहालयात नुसतं ठेवू. लागेल तेव्हा घेऊन जा. जातं तुमचंच.”

“लेकीच्या हळदीला लागंल बरं का, बाई. माझी हळद त्याच्यावरच दळलीया.”

“शब्द देते,” मी म्हटलं. शब्द द्यायला काय लागतं? जातं गेलं, मी पाटी लिहिली, आणि अध्यक्षांनी तिच्यात स्वतःच्या हाताने ‘शिवकालीन’ हा शब्द घातला. मावशींची आई एका फटक्यात तीनशे वर्षांची झाली.

दोन वर्षांनी लेकीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की लगेचचा मुहूर्त. दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले होते, ती परत येऊन बघते तो खोलीत विटांचा एक चौथरा, आणि त्यात जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, सिमेंटने पक्का बसवलेला. चोरी होऊ नये म्हणून! वरचा दगड तेवढा सुटा होता, कारण पाहुण्यांना फिरवून दाखवायचा होता.

मी अध्यक्षांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, “बाई, इथे आलेली वस्तू समाजाची होते. आज जातं दिलं तर उद्या लोक नांगर मागतील.” गेल्याच वैशाखात संग्रहालयातलं तांब्याचं घंगाळ त्यांच्या नातवाच्या मुंजीला गेलं होतं. पण ते समाजाचं घंगाळ होतं, आणि मुंजीला समाज जेवला होता.

घरी येऊन मावशींना सांगताना मला खरोखर रडू आलं. माझा शब्द सिमेंटात गेला होता. मावशी मात्र रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “किल्ली कुणाकडं हाय?”

“माझ्याकडे.”

“मंग झालं की. जातं येत न्हाई तर आमी जातो.”

हळदीच्या दिवशी सकाळी वाजंत्र्यांसकट सगळा बायकांचा घोळका संग्रहालयात शिरला. एवढी गर्दी त्या खोलीने कधी पाहिली नव्हती. नवरीला नांगराशेजारी पाटावर बसवलं. खुंट्याला हळकुंड बांधलं, पाच सवाष्णींनी हात लावला आणि शिवकालीन जातं घरघरायला लागलं. पिवळी धूळ तोफगोळ्यावर बसली. मावशी एका सुरात गात होत्या, डोळे पुसत होत्या आणि मधेच लेकीला नीट बस म्हणून दटावतही होत्या. मला इतकं बरं वाटलं की मी चिटणीस आहे हेच विसरले.

वाजंत्री ऐकून अध्यक्ष स्कूटरवरून धावत आले. दारातच बायकांनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि लग्नाला यायचं आग्रहाचं निमंत्रण. आता नारळ हातात घेऊन माणूस ओरडणार कसा? ‘परंपरा’, ‘संस्कृती’ असं काहीसं पुटपुटत ते उभे राहिले. हळद दळून झाली. मावशींनी दगड पुसला, पदर खोचला, वरचा दगड उचलून टोपलीत ठेवला आणि टोपली थोरल्या जावेच्या मदतीने डोक्यावर घेतली.

“अहो, हे काय?” अध्यक्ष म्हणाले.

“खालचं तुमच्या सिमिटात आडाकलंय, ते ऱ्हाऊ द्या तुमाला. वरचं माझ्या आयचं हाय.” आणि त्या वाजंत्र्यांच्या मागोमाग गेल्या.

पुढच्या सभेत निषेधाचा ठराव झाला. पण गावातल्या लग्नघरावर तक्रार करणार कोण? शिवाय सगळे त्या लग्नात जेवून आले होते. प्रश्न उरला पाटीचा. मी मसुदा वाचून दाखवला: ‘शिवकालीन जात्याची तळी. वरचा भाग काळाच्या ओघात नष्ट.’ एकमताने मंजूर. अध्यक्षांनी तर ‘ओघात’ला मान डोलावली.

मावशींनी पाथरवटाकडून नवी तळी घडवून घेतली आणि जातं मोझॅकच्या ऐन मधोमध मांडलं. घरमालकांनी एक दिवस तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली. गिरणीचं पीठ जळकं लागतं, असं मावशी आता म्हणू लागल्या होत्या. लेक सासरी गेल्यावर तर त्या रोजच पहाटे दळायला बसायच्या. नष्ट झालेल्या भागाचा आवाज थेट माझ्या उशाखालून यायचा आणि झोपेचं खोबरं व्हायचं. तक्रार कोणाकडे करणार? पाटी माझ्याच अक्षरातली होती.