डावी बाही

कोर्टातल्या शिपायानं तिचं नाव पाडलं होतं ‘थांबाबाई’. मुलांच्या कोर्टात ती मुलांची वकील. न्यायाधीश साहेब भरधाव निघाले की मध्येच म्हणायची, “थांबा!”

तिच्या काळ्या कोटाची डावी बाही कायम उसवलेली. जाऊबाई शिवून शिवून कावल्या होत्या. “बाही आहे का घंटेची दोरी?”

दोरीच होती. प्रत्येक मुलाशी तिचा ठराव असे: कोर्टात काही कळलं नाही, पटलं नाही, तर बाही ओढायची.

या वेळची मुलगी मात्र नंदीबैल. चोरीच्या मोबाइलपायी मोठ्या पोरांबरोबर सापडलेली, बालगृहात ठेवलेली. आई नाही, बाप बेकरीत रात्रपाळीला. आधीच्या वकिलानं व्हरांड्यात उभ्याउभ्या विचारलं, “लांबच्या वसतिगृहात जाशील ना, बाळ?” हिनं मान हलवली. झालं! मुलीची हरकत नाही म्हणे. थांबाबाई मात्र बालगृहात तिच्याजवळ जाऊन बसायची. मुलगी एवढंच विचारायची, “बाबा आले होते?” मग दाराकडे बघत राहायची.

सुनावणीला साहेब नाकातून सुरू झाले, “मुलीचं सर्वांगीण हित पाहता, वडील रात्री घरी नसल्यानं, वसतिगृहच...”

मुलीची मान डुलायला लागली. आपणच बोलावं, तर साहेब म्हणणार, ‘ती हो म्हणतेय, तुमच्या का पोटात दुखतं?’ थांबाबाईनं डावा हात अंगापासून जरा लांब धरला. ओढ गं माझे आई, ओढ.

टचकन टाका तुटला.

“थांबा!”

“आलंच! आता काय?”

“तिला बोलायचंय, साहेब.”

मुलगी टेबलाकडे बघत म्हणाली, “मला लांब नको. बाबा पहाटे येतात. कडी वाजवत नाहीत, नुसते उभे राहतात. मला कळतं. मी उघडते. आता कोण उघडतं?”

साहेबांचा आवाज नाकातून घशात उतरला. “रात्री हिच्याजवळ कोण राहील?”

“माझी बहीण, साहेब,” मागच्या बाकावरून बाप धडपडत उठला. “बाहेरच बसलीये. बोचकं घेऊनच आलीये!”

आत्याला आत बोलावलं, नीट विचारलं. चौकशी चालू राहील, तारखांना यायचं. पण मुलगी आजच घरी.

गेली. बापाचं बोट धरून, मागं वळूनसुद्धा न बघता.

“थांबाबाई,” शिपाई म्हणाला, “जिंकलात की! मग तोंड का एवढंसं?”

“कुठं काय!”

जिना उतरताना तिचा डावा हात अजून अंगापासून जरा लांबच होता.